खोटे नाणे, खरी मोहर आणि प्रामाण्याचा प्रश्न

ज्ञान झाले की ते खरे आहे हे त्या ज्ञानाबरोबरच कळते, की त्यासाठी वेगळा पुरावा शोधावा लागतो, हा भारतीय दर्शनांतील एक जुना आणि चिवट प्रश्न आहे. ज्ञानाच्या खरेपणाला शास्त्रकार ‘प्रामाण्य’ म्हणतात. ते ज्ञानाला स्वतःच लाभते असे मानणारे मीमांसक स्वतःप्रामाण्यवादी ठरतात, तर ते बाहेरच्या कसोटीवरून ठरवावे लागते असे मानणारे नैयायिक परतःप्रामाण्यवादी. या वादात भ्रमाची जी उदाहरणे पिढ्यानपिढ्या दिली गेली ती बहुतेक निसर्गातली आहेत: शिंपल्याच्या जागी भासणारी चांदी, दोरीच्या जागी भासणारा साप, उन्हात तळपणारे मृगजळ. यांपैकी कोणालाही पाहणाऱ्याला फसवायचे नसते. शिंपला चांदीचे सोंग घेत नाही. चूक होते ती अंधूक उजेडामुळे, डोळ्यांच्या दोषामुळे किंवा लोभामुळे. खोट्या नाण्याची गोष्ट निराळी आहे. ते घडवणाऱ्याने, पाहणारा काय पाहील, कुठे थांबेल आणि कशावर विश्वास टाकील, याचा विचार आधीच केलेला असतो. म्हणून प्रामाण्याचा प्रश्न नाण्यापाशी आणला की तो शिंपल्यापाशी सुटतो तितक्या सहज सुटत नाही. आणि नाण्याभोवती त्याच्या खरेपणाची हमी देणारी बंद पेटी आली, पुढे त्या पेटीचीही नक्कल होऊ लागली, तेव्हा त्या प्रश्नाला जे वळण मिळाले ते आजच्या श्रद्धाविचारालाही लागू पडणारे आहे.

या पेटीची हकीकत थोडक्यात अशी. अमेरिकेत संग्राहक ज्या जुन्या नाण्यांचा व्यवहार करतात त्यांची किंमत धातूपेक्षा दुर्मीळतेवर आणि नाणे किती झिजले आहे यावर ठरते. विल्यम शेल्डन याने १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या सेंट नाण्यांवरील आपल्या पुस्तकात यासाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. जेमतेम ओळखू येण्याइतकेच उरलेले नाणे १ आणि पूर्ण निर्दोष नाणे ७०. पण अंक ठरवणार कोण, हा प्रश्न उरलाच, कारण विकणाऱ्याला वरचा अंक सोयीचा आणि घेणाऱ्याला खालचा. १९८६ साली प्रोफेशनल कॉइन ग्रेडिंग सर्व्हिस आणि त्याच्या पुढच्याच वर्षी न्यूमिस्मॅटिक गॅरंटी कॉर्पोरेशन या संस्थांनी त्यावर तोडगा काढला: व्यवहारात ज्याला देणेघेणे नाही अशा तिसऱ्या पक्षाने नाणे पारखायचे, अंक द्यायचा, आणि नाणे व अंकाची चिठ्ठी ही दोन्ही कडक पारदर्शक प्लास्टिकच्या दोन फाकांमध्ये ठेवून त्या फाका ध्वनिकंपनांच्या उष्णतेने वितळवून कायमच्या जोडून टाकायच्या. संग्राहक या पेटीला ‘स्लॅब’ म्हणतात. चिठ्ठीवर नाण्याचे साल, टांकसाळ, प्रतीचा अंक आणि संस्थेच्या दप्तरातला एक क्रमांक असतो. ज्याला नाणे पारखता येत नाही त्यालाही या पेटीच्या भरवशावर दूरच्या माणसाकडून न पाहता नाणे घेता येऊ लागले, आणि सामान्य संग्राहकाची मोठी अडचण यामुळे खरोखरच दूर झाली, हे आधी मान्य केले पाहिजे.

नाणे पारखण्याचे ज्ञान नेमके कसे असते याचा विचार भारतीय परंपरेत फार पूर्वी झाला आहे. पाचव्या शतकात श्रीलंकेत राहून पाली ग्रंथ लिहिणाऱ्या बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात जाणिवेच्या तीन पातळ्या समजावण्यासाठी कहापण, म्हणजे कार्षापण, नाण्यांच्या राशीचे उदाहरण घेतले आहे. लहान मुलाला त्या राशीत फक्त लांबट, चौकोनी, गोल, चित्रविचित्र आकार दिसतात. खेडुताला ते आकार दिसतात आणि हे लोकांच्या उपयोगाचे मोलाचे धन आहे हेही कळते. पण यातले खरे कोणते, खोटे कोणते, निम्म्या कसाचे कोणते हे कळते ते केवळ सराफाला. बुद्धघोष तेवढ्यावर थांबत नाही. सराफ ते नाणे पाहून, वाजवून, हुंगून, चाखून आणि हातावर तोलून ओळखतो, आणि ते कोणत्या गावी वा नगरात, कोणत्या कारागिराने घडवले तेही सांगतो, असे तो लिहितो. यातले पहिले ज्ञान म्हणजे संज्ञा, दुसरे विज्ञान, तिसरे प्रज्ञा. प्रज्ञेसाठी योग्याचे किंवा ऋषीचे उदाहरण न घेता बाजारात बसलेल्या सराफाचे घ्यावे, ही निवड विचार करण्यासारखी आहे. कारण प्रज्ञा म्हणजे पाचही इंद्रियांनी वस्तूशी घेतलेली झटापट, असा तिचा अर्थ होतो.

वैयाकरण भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’च्या पहिल्या कांडात याच ज्ञानाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. रत्ने आणि नाणी यांची जाणकारांना होणारी पारख दुसऱ्याला शब्दांनी समजावून देता येत नाही, ती केवळ अभ्यासाने, म्हणजे पुन्हा पुन्हा हाताळण्याने येते, आणि तिला अनुमान म्हणता येत नाही, असे त्याचे मत आहे. अनुमान म्हटले की हेतू आणि साध्य मांडून दाखवता आले पाहिजे. सराफाला ते मांडता येत नाही, तरी त्याचे म्हणणे चुकत नाही. मराठी मुलखातही पोतदार हा वतनदार पेशा याच ज्ञानावर उभा होता, आणि निरनिराळ्या टांकसाळींच्या रुपयांवर किती बट्टा धरायचा हे त्याच्या नजरेवर व बोटांवर अवलंबून असे.

ही पारख प्रत्यक्षात किती बारीक असते हे एका नाण्यावरून पाहता येईल. अमेरिकेत १८७८ पासून पाडलेल्या मॉर्गन डॉलर या चांदीच्या नाण्याचे वजन २६.७३ ग्रॅम आणि व्यास ३८.१ मिलिमीटर असतो. १८९३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत यातली केवळ एक लाख नाणी पडली, तर त्याच साली फिलाडेल्फियात पावणेचार लाखांहून अधिक. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोचे नाणे कितीतरी पटींनी महाग असते. दोहोंत दिसायला फरक एवढाच की सॅन फ्रान्सिस्कोच्या नाण्यावर मागच्या बाजूस पुष्पचक्राखाली ‘एस’ हे चिमुकले अक्षर असते. साहजिकच बनवेगिरी करणारे फिलाडेल्फियाच्या खऱ्या नाण्यावर दुसरीकडून आणलेले ‘एस’ अक्षर चिकटवतात. भिंगाखाली त्या अक्षराच्या बुडाशी जोडाची रेघ दिसते का हे तर पारखी पाहतोच, पण त्याची खरी कसोटी नाण्याच्या पुढच्या बाजूला असते. त्या वर्षीची सॅन फ्रान्सिस्कोची सर्व नाणी पुढच्या बाजूने एकाच ठशाने, म्हणजे धातूच्या चकतीवर दाबल्या जाणाऱ्या एकाच पोलादी साच्याने, पाडलेली होती, आणि त्या ठशामुळे स्वातंत्र्यदेवतेच्या मुकुटपट्टीवरील शब्दातल्या ‘टी’ अक्षराच्या माथ्यावर एक अगदी बारीक उंचवट्याची रेघ उमटली आहे. फसवणाऱ्याने सारे कसब मागच्या बाजूला खर्च केलेले असते, आणि तो पकडला जातो ज्या बाजूला त्याने हातही लावला नाही तिथे. १९४४ सालच्या डेन्व्हर टांकसाळीच्या सेंटवरील पहिला ४ कोरून त्याचा १ करतात आणि १९१४ चे दुर्मीळ नाणे म्हणून ते विकतात, त्याचीही हीच गत होते: शिल्पकाराची आद्याक्षरे लिंकनच्या खांद्यावर १९१८ पासून कोरली जाऊ लागली, आणि १९१४ च्या म्हणवल्या जाणाऱ्या नाण्यावर ती दिसली की पुढे बोलायचे काही उरत नाही.

याहून विचार करायला लावणारी कसोटी साम्याची आहे. खऱ्या नाण्यावरून खोटा ठसा तयार केला की त्या नाण्यावरचे ओरखडे आणि टोचेही ठशात उतरतात, आणि मग त्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तोच ओरखडा त्याच जागी दिसतो. नाण्यावरचा ओरखडा हा त्या एकट्या नाण्याला झालेल्या अपघाताचा असतो. तो दुसऱ्या नाण्यावर जसाच्या तसा येणे शक्य नाही. दोन नाणी शेजारी ठेवली आणि दोघांच्या गालावर एकच घाव सापडला, तर त्यांपैकी निदान एक खोटे असलेच पाहिजे. एकेकटे पाहिले असता यातले कोणतेही नाणे शंका येऊ देत नाही.

आता पेटीकडे वळता येईल. पेटीच्या बाबतीत होणारी फसवणूक ढोबळपणे दोन तऱ्हांची असते. पहिलीत नाणे खोटे, चिठ्ठी खोटी आणि प्लास्टिकही खोटे; चिठ्ठीवर क्रमांक मात्र कुठल्या तरी लिलावाच्या छायाचित्रातून उचललेला, म्हणजे संस्थेच्या दप्तरात खरोखर असलेला, घालतात. दुसऱ्या तऱ्हेत संस्थेची अस्सल पेटी कौशल्याने फोडून आतले उंची नाणे काढून घेतले जाते आणि त्याच जातीचे पण हलक्या प्रतीचे नाणे आत ठेवून फाका पुन्हा डिंकाने चिकटवल्या जातात. अशी पेटी तिरप्या उजेडात फिरवून पाहिली तर जोडाच्या कडेला प्लास्टिक पांढुरके झालेले, कोपऱ्याला बारीक तडा गेलेला किंवा टवका उडालेला, डिंकाचा धूसर पट्टा आत शिरलेला दिसू शकतो. चिठ्ठी किंचित कललेली असते किंवा नाणे आपल्या खोबणीत सैल हलते. दप्तरातला क्रमांक तपासावा तर तो बरोबर निघतो. संस्थेने नाण्याचे छायाचित्र जपून ठेवले असेल तर मात्र त्यातला एकेक डाग आणि ओरखडा समोरच्या नाण्याशी ताडून पाहता येतो.

यातली दुसरी तऱ्हा तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, कारण तिच्यात खोटी वस्तू एकही नाही. पेटी खरी, चिठ्ठी खरी, क्रमांक खरा, अंक देणाऱ्या परीक्षकांचा निर्णय प्रामाणिक, आणि आतले नाणेही टांकसाळीतून आलेले खरेच. खोटा आहे तो फक्त त्यांच्यातला संबंध: ‘हा अंक या नाण्याचा आहे’ एवढाच. नैयायिकांचा अन्यथाख्यातीचा सिद्धांत नेमके हेच सांगतो. भ्रमात कोणतीही असत् वस्तू भासत नाही. चांदी जगात अन्यत्र आहे, शिंपला समोर आहे, आणि ‘हे चांदी आहे’ या ज्ञानात जे चुकते ते केवळ एकाचा धर्म दुसऱ्याला जोडणे. शिंपल्याच्या उदाहरणात हा सिद्धांत काहीसा ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो, कारण बाजारातली चांदी डोळ्यांसमोर कशी आली हे सांगताना नैयायिकांना अलौकिक प्रत्यक्षाचा आधार घ्यावा लागतो. फोडून जोडलेल्या पेटीत मात्र त्यांचे म्हणणे अक्षरशः हातात धरून दाखवता येते. प्रभाकर मीमांसकाचे मत याहून वेगळे: भ्रम नावाचे चुकीचे ज्ञान होतच नाही, होते ते दोन खऱ्या ज्ञानांमधला भेद लक्षात न येणे, ज्याला तो अख्याती किंवा विवेकाचे अग्रहण म्हणतो. पेटी विकत घेणाऱ्याच्या मनात डोकावले तर प्रभाकराचे म्हणणे जास्त पटते. त्याने चिठ्ठीवरचा ६५ हा अंक वाचला, तो खरा होता. त्याने नाणे पाहिले, तेही खरे होते. ६५ अंकाचे नाणे कसे असावे आणि समोरचे कसे आहे यांतला भेद मात्र त्याने पाहिला नाही. त्याच्या बाजूने घडले ते केवळ न पाहणे. फसवणाऱ्याच्या कृत्याचे वर्णन न्यायमताने नीट होते आणि फसणाऱ्याच्या मनाचे प्रभाकरमताने, आणि दोन्ही मते इतकी शतके टिकून राहिली याचे एक कारण यातही असावे.

नैयायिकांची खरी कुचंबणा पुढे होते. ज्ञानाचे प्रामाण्य ठरते प्रवृत्तिसामर्थ्याने, म्हणजे त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती फळाला येण्याने, असे वात्स्यायनाच्या न्यायभाष्याच्या आरंभीच सांगितले आहे: पाणी समजून माणूस जवळ गेला आणि तहान भागली, की ते ज्ञान खरे ठरले. पण खोट्या नाण्याने भाकरी मिळते. घेणाऱ्याने ते खरे समजून घेतले, दुकानदाराने खरे समजून ठेवले, सावकाराने खरे समजून व्याजाने दिले, आणि प्रत्येकाची प्रवृत्ती सफल झाली. बदललेले नाणे असलेली पेटीही वर्षानुवर्षे हातोहात फिरू शकते आणि दर वेळी तिला चिठ्ठीतल्या अंकाची किंमत येऊ शकते. याचा अर्थ न्यायमत चुकीचे आहे असा नव्हे. ज्या वस्तूचे मोल दुसऱ्यांच्या मान्यतेवर उभे असते तिच्या बाबतीत व्यवहार सफल होणे म्हणजे इतरांचाही विश्वास आपल्यासारखाच असणे, आणि अशा फळाने परीक्षा होते ती विश्वासाची, वस्तूची नव्हे, एवढा भेद त्या मताला जोडावा लागेल. मृगजळाने तहान भागत नाही, कारण घशाला लोकमताची पर्वा नसते. पंथ, गुरू आणि तीर्थे यांच्या बाबतीत ‘इतक्यांना अनुभव आला’ हा पुरावा देताना या भेदाकडे दुर्लक्ष होते, आणि ते वारंवार होते.

पेटीवर संशय आला तर तिची परीक्षा करणारे आणखी कोणी हवे. झालेही तसेच. २००७ साली अमेरिकेत सर्टिफाइड अ‍ॅक्सेप्टन्स कॉर्पोरेशन ही संस्था निघाली. तिचे काम पेटीत आधीच बंद असलेले नाणे पाहून, दिलेला अंक खरोखरच शोभणारा असेल तर पेटीवर एक छोटी हिरवी चिकटपट्टी लावणे हे होते. म्हणजे हमीची हमी. तर्कशास्त्र याला अनवस्था म्हणते: एका प्रमाणाला दुसरे, दुसऱ्याला तिसरे, आणि शेवट कुठेच नाही. परतःप्रामाण्यवादावर मीमांसकांनी हाच आक्षेप घेतला होता. कुमारिल भट्टाचे उत्तर व्यवहारी आहे: ज्ञान झाले की ते खरे धरून चालावे, त्याला बाध आला, म्हणजे उलट ज्ञान झाले किंवा ज्ञानाच्या कारणातच दोष सापडला, तर पुन्हा तपासावे, पण ही तपासणी तीन-चार ज्ञानांपलीकडे नेण्याची गरज पडत नाही. सचोटीच्या जगात हे पुरते. जिथे बाधक ज्ञान उमटूच नये याचीच कोणी व्यवस्था केली आहे, तिथे बाध आला नाही एवढ्यावर निश्चिंत कसे राहावे, हा प्रश्न कुमारिलाच्या उत्तराने मिटत नाही.

आणि इथे पेटीचा सर्वांत गंभीर दोष समोर येतो, जो तिच्या अस्सलपणातही असतो. बंद नाणे वाजवता येत नाही. त्याचे वजन करता येत नाही, बोटांनी कड चाचपता येत नाही, धातूचा वास घेता येत नाही. ओतीव नाण्याचा जोड बहुधा कडेलाच सापडतो आणि पेटीतून कड पुरती दिसत नाही. बुद्धघोषाच्या सराफाच्या पाच इंद्रियांपैकी चार पेटीने काढून घेतली आणि पाचवे प्लास्टिकच्या आड ठेवले. पूर्ण परीक्षा करायची तर पेटी फोडली पाहिजे, आणि पेटी फोडली की हमी गेली, किंमतही गेली. परीक्षेच्या बदल्यात दिलेली मोहर परीक्षेच्या वाटेत उभी राहते, आणि खोटे नाणे राहायला याच आडोशाला येते. शब्दप्रमाणाचा, म्हणजे जाणत्याच्या वचनाने होणाऱ्या ज्ञानाचा, त्याग करावा असा याचा अर्थ नाही. तो कोणालाच करता येत नाही. वात्स्यायनाने आप्त, म्हणजे विश्वसनीय वक्ता, कोणाला म्हणावे हे सांगताना दोन अटी घातल्या: त्याने वस्तू साक्षात जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी, आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही त्याने मोकळेपणाने लिहिले. आप्ताचे वचन मौल्यवान असते ते त्याच्या आणि वस्तूच्या साक्षात संबंधामुळे. चिठ्ठीवर परीक्षकाचे नाव नसते, नाणे कोणी पाठवले हे परीक्षकाला कळू देत नाहीत, निर्णय संस्थेच्या नावाने बाहेर पडतो. पक्षपात टाळण्यासाठी हे योग्यच आहे, पण त्यातून वचन बोलणाऱ्यापासून सुटे होते आणि चिठ्ठीला जवळजवळ अपौरुषेय वाक्याचे, म्हणजे ज्याला कर्ताच नाही म्हणून ज्यात दोष संभवत नाही अशा वाक्याचे, रूप येते. मीमांसकांनी वेदाला जे स्थान दिले ते माणसाने छापलेल्या कागदाला देणे मीमांसकांनाही मान्य झाले नसते.

वस्तूपासून सुटलेल्या अधिकाराची गत काय होते याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या भूमीवरचेच आहे. मुहम्मद बिन तुघलकाने इ.स. १३३० च्या सुमारास चांदीच्या टंक्याऐवजी पितळ आणि तांब्याची सांकेतिक नाणी काढली. ती दिल्लीप्रमाणे दौलताबादेतही पाडली गेली. त्यांतल्या काहींवर, जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो त्या दयाळू ईश्वराचीच आज्ञा पाळतो, अशा अर्थाचा अरबी मजकूर होता. धातू साधा, ठसा कोणालाही कोरता येईल असा, आणि मोलाचा आधार म्हणून फक्त धर्माज्ञेचे शब्द. घरोघरी नकला झाल्या, आणि अखेर सुलतानाला ती नाणी चांदी-सोने देऊन परत घ्यावी लागली. खऱ्या-खोट्याचा निर्णय करता येईल असे त्या नाण्यात काही नव्हतेच.

धर्माच्या क्षेत्रात परीक्षेला अश्रद्धा समजण्याची सवय जुनी आहे, पण ती सर्वांची नव्हती. शांतरक्षिताच्या ‘तत्त्वसंग्रहा’त बुद्धाच्या तोंडी असा उपदेश आहे की सोनार जसे सोने तापवून, कापून आणि कसोटीवर घासून घेतो तसे माझे वचन पारखून घ्या, केवळ आदरापोटी घेऊ नका. जैन आचार्य हरिभद्रानेही धर्माच्या परीक्षेसाठी कष, छेद आणि ताप याच तीन कसोट्या वापरल्या. प्रामाण्याच्या वादात जैन तार्किक माणिक्यनंदीने घेतलेली भूमिकाही इथे उपयोगी पडते: परिचित विषयात ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःच कळते, अपरिचित विषयात ते दुसऱ्याकडून घ्यावे लागते. म्हणजे मोहर नवशिक्याला हवी, आणि तिचे काम त्याला अभ्यासाच्या वाटेवर आणून सोडण्याचे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या सोन्याच्या होनाच्या बाबतीत ही गोष्ट फार जपून सांगावी लागते. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेला तो होन अत्यंत दुर्मीळ आहे, आणि त्याच्याविषयी असलेल्या भक्तिभावामुळेच त्याच्या नकला बाजारात खपतात. समोर आलेला होन तोलून, अक्षरांची वळणे आणि कडेचे ठिपके अस्सल नमुन्याशी ताडून पाहण्यात महाराजांचा अवमान आहे असे ज्याला वाटते, त्याच्या भक्तीचा फायदा नकली होन ओतणारा घेतो. खऱ्या होनाविषयी ज्याला आदर आहे त्याने तर ही परीक्षा आधी केली पाहिजे.

खोटे हाती आल्यावर काय करावे, हा प्रश्न उरतो. कौटिल्याने खोटे नाणे घडवणारा, घेणारा आणि चालवणारा या तिघांनाही सारखाच हजार पणांचा दंड सांगितला आणि ते राजकोशात टाकणाऱ्याला मृत्युदंड. शिवाय रूपदर्शकाने, म्हणजे सरकारी नाणेपारख्याने, खोट्याला खरे म्हटले तरी आणि चालू शुद्ध नाण्याला खोटे ठरवले तरी दोन्ही चुकांना बारा पण दंड ठेवला. अविश्वासाचीही जबाबदारी घ्यावी लागते, हे त्यात आले. अकराव्या-बाराव्या शतकातील इस्लामी विचारवंत अल-गझाली याने ‘इह्या उलूम अल-दीन’ या ग्रंथात हाच विषय पापपुण्याच्या अंगाने घेतला आहे. एक खोटा दिरहम चालवणे हे शंभर दिरहम चोरण्याहून वाईट, असे एक वचन तो देतो आणि त्याचे कारण सांगतो: चोरी एकदा होते आणि संपते, खोटे नाणे मात्र चालवणाऱ्याच्या मृत्यूनंतरही हातोहात फिरत राहते आणि प्रत्येक फसवणुकीचा भार त्याच्याच खात्यावर चढत जातो. म्हणून ते विहिरीत टाकून द्यावे, आणि व्यापाऱ्याने नाणेपारख शिकलीच पाहिजे. स्वतः फसू नये म्हणून नव्हे, तर नकळत दुसऱ्याला फसवू नये म्हणून. अज्ञानाला इथे सूट नाही. पेटीच्या भरवशावर नाणे पुढे विकणाऱ्याला ही अट अवघड वाटेल, पण ती चुकीची आहे असे म्हणता येत नाही.

तरीही प्रत्येक खोटे नाणे विहिरीतच गेले पाहिजे असे नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकात फ्रान्सिस हेनिंग नावाच्या माणसाने पाच सेंटची नाणी बनवली आणि १९४४ सालच्या नाण्यावर त्या काळी असायला हवे असलेले टांकसाळीचे मोठे ‘पी’ अक्षर घालायला तो विसरला. आज तीच नाणी ‘हेनिंगची खोटी नाणी’ या नावाने उघडपणे विकली जातात आणि संग्राहक ती पाच सेंटांहून कितीतरी अधिक देऊन घेतात. नाणे बदलले नाही, त्याच्याविषयीचे विधान बदलले, आणि त्याबरोबर त्यातले खोटेपण गेले. १९७३ च्या अमेरिकी कायद्याने संग्राह्य नाण्यांच्या नकलेवर ‘कॉपी’ हा शब्द उमटवणे बंधनकारक केले त्याच्या मुळाशी हीच जाणीव आहे, आणि २०१४ साली त्या कायद्याचा आवाका वाढवून प्रतवारी करणाऱ्या संस्थांच्या चिन्हांची नक्कलही त्याखाली आणली गेली. पेटीच्या बाबतीत हे महत्त्वाचे आहे, कारण पेटी म्हणजे सारेच विधान. तिच्यातून विधान वजा केले तर मागे नुसते प्लास्टिक उरते.

भारतात कित्येक देवघरांत एका बाजूस ‘ईस्ट इंडिया कंपनी’ आणि १८१८ किंवा १८३९ असे साल, व दुसऱ्या बाजूस राम, सीता, लक्ष्मण आणि हनुमान असलेले तांब्याचे वा पितळेचे जाड नाणे पूजेत असते. कंपनीने असे नाणे कधीही पाडले नाही. तो नंतरच्या काळात बनवलेला पूजेचा टंक आहे. घरात त्यावर रोज हळदकुंकू वाहणारी व्यक्ती कंपनीच्या टांकसाळीविषयी कोणतेच विधान करत नसते. तिच्यासमोर रामाची मूर्ती आहे, आणि मूर्तीला सालाची गरज नसते. तेच नाणे दोनशे वर्षांपूर्वीचे दुर्मीळ धन म्हणून लाखाच्या अपेक्षेने बाजारात आणले जाते तेव्हा विधान सुरू होते, आणि तेव्हापासून अल-गझालीची अट त्याला लागू होते: आणणाऱ्याने ते काय आहे हे माहीत करून घेतले पाहिजे, आणि घरातल्या पुढच्या पिढीच्या हाती ते देतानाही, देव म्हणून देत असला तरी, ते कंपनीचे नाही हे सांगून दिले पाहिजे.